शुश्रूषेचं संशोधन खाटेपर्यंत पोचतं कसं?

नाकातून घातलेली रायल्स ट्यूब खरोखर जठरात गेली आहे का, हे पाहण्याची एक रीत आपल्याकडच्या वॉर्डांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सिरिंजमध्ये थोडी हवा भरायची, स्टेथो पोटावर ठेवायचा, हवा एकदम सोडायची आणि बुडबुड असा आवाज आला की ट्यूब बरोबर आहे असं समजून नाकाला चिकटपट्टी लावायची. सीनियर सिस्टर ज्युनिअरला हे करून दाखवते आणि पुढच्या वर्षी ती ज्युनिअर तिच्या हाताखालच्या विद्यार्थिनीला दाखवते. यातली अडचण अशी, की ट्यूब अन्ननलिकेतच अडकलेली असली किंवा चुकून श्वासमार्गात शिरलेली असली, तरी तसाच आवाज पोटावर ऐकू येऊ शकतो. मग पातळ खिचडीचं पाणी किंवा दूध थेट फुप्फुसात जातं. अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठातल्या नॉर्मा मेथेनी या परिचारिका-संशोधिकेने १९८० च्या दशकापासून हाच एक प्रश्न धरून ठेवला आणि नुसत्या कानावर विसंबता येत नाही हे दाखवून दिलं.

पर्यायही त्याच संशोधनातून पुढे आला. ट्यूबमधून थोडा द्राव ओढून घ्यायचा आणि पीएच पट्टीवर टाकायचा. जठरातला द्राव आम्लधर्मी असतो, त्यामुळे पीएच ५.५ किंवा त्याखाली आला तर फीड सुरू करायला हरकत नाही. पेशंटला आम्लपित्ताची औषधं चालू असतील तर पीएच वर सरकतो. अशा वेळी, किंवा द्रावच मिळाला नाही तर, एक्स-रे. इंग्लंडच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्ये सगळ्या रुग्णालयांना कळवलं, की हवा सोडून ऐकण्याची पद्धत यापुढे वापरू नये. पट्टी महाग नाही, ती वापरायला वेगळी पदवी लागत नाही आणि वेळ मिनिटभराचा. तरीही आज आपल्या कितीतरी वॉर्डांत सिरिंज आणि स्टेथोच निघतो.

असं का होतं? परिसंवादांमध्ये याचं ठरलेलं उत्तर मिळतं: सिस्टर वाचत नाहीत, संशोधनाची आवड नाही, जुनं सोडवत नाही. मला हे उत्तर अपुरं वाटतं आणि अन्यायाचंही वाटतं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत शुश्रूषेच्या संशोधनाचं काय झालं हे नीट पाहिलं, तर वेगळंच चित्र दिसतं. जे संशोधन वॉर्डात रुजलं, ते सिस्टरला वेळ, वस्तू आणि निर्णयाचा अधिकार मिळाला तिथे रुजलं. जिथे यातलं काही मिळालं नाही, तिथे कितीही प्रशिक्षणं घेतली तरी कागद फाइलमध्येच राहिला.

शुश्रूषेला संशोधनाचं वावडं कधीच नव्हतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने क्रिमियन युद्धातल्या मृत्यूंचे आकडे मांडून सरकारला हलवलं, ते १८५० च्या दशकात. पण तिच्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं परिचारिकेकडून शिस्त, सेवाभाव आणि आज्ञापालन एवढंच मागितलं गेलं. ‘नर्सिंग रिसर्च’ हे अमेरिकी नियतकालिक १९५२ मध्ये निघालं आणि परिचारिकांनी परिचारिकांच्या कामाबद्दल केलेला अभ्यास छापायला हक्काची जागा मिळाली. १९७२ मध्ये ब्रिटनच्या आर्ची कॉक्रन यांनी वैद्यकाला विचारलं, की आपण जे उपचार करतो ते उपयोगी आहेत याचा पुरावा काय? आज जगभरचे अभ्यास एकत्र चाळून निष्कर्ष काढणारं कॉक्रन नावाचं जाळं त्यातूनच उभं राहिलं. शुश्रूषेपुरतं तसंच काम ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडमध्ये १९९६ मध्ये जोआना ब्रिग्ज संस्थेने हाती घेतलं. म्हणजे पुरावा गोळा करण्याची व्यवस्था झाली. तो खाटेपर्यंत नेण्याची व्यवस्था मात्र मागेच राहिली. बालास आणि बोरेन या अभ्यासकांनी २००० मध्ये अंदाज मांडला, की मूळ संशोधनापैकी जेमतेम १४ टक्के काम प्रत्यक्ष उपचारात उतरतं आणि त्यालाही सरासरी १७ वर्षं लागतात. हा आकडा एकूण वैद्यकाचा आहे. रायल्स ट्यूबच्या बाबतीत १७ वर्षं केव्हाच उलटून गेली.

बेडसोअरकडे पाहू. शुश्रूषेच्या संशोधनात यापेक्षा जुना आणि यापेक्षा मोलाचा विषय मला तरी दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर शरीराचा भार तासन् तास पडतो, तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी मरते. आधी नुसती लाली दिसते. बोटाने दाबली तरी ती पांढरी पडत नाही, हीच पहिली खूण. ती नजरेतून सुटली की चार दिवसांत फोड, आठ दिवसांत खड्डा, आणि त्या खड्ड्यात हाड दिसायला लागलं की घरचे लोक हबकून जातात. पूर्वी यावर काय काय चोळलं जाई! स्पिरिट, पावडर, तेल, अंड्याचा पांढरा भाग. ज्याच्या त्याच्या वॉर्डाचा वेगळा उपाय.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध केला. काय चोळता याला फारसं महत्त्व नाही, पेशंटला कूस किती वेळा बदलून देता याला आहे, असा त्याचा सांगावा होता. कोणाला धोका जास्त हे आधीच ओळखता यावं म्हणून तिने पाच गोष्टींना गुण दिले: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणं-फिरणं, अंथरुणात हालचाल, लघवी-शौचावरचा ताबा. वीसपैकी चौदा किंवा त्याहून कमी गुण म्हणजे सावध राहायचं. पुढे १९८७ मध्ये बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी सहा घटकांची मोजपट्टी केली. आपल्याकडे एनएबीएच मानांकन घेतलेल्या रुग्णालयांत केस पेपरला जो ‘ब्रेडन स्कोअर’ जोडलेला असतो, तो हाच.

म्हणजे हे संशोधन आपल्यापर्यंत पोचलं आहे? कागदावर पोचलं आहे. स्कोअर भरला जातो. पण स्कोअर बारा आला म्हणून त्या रात्री त्या पेशंटची कूस किती वेळा बदलली, हे पाहायला गेलं तर उत्तरं चाचरत येतात. दुसरीकडे, संशोधनाने बाद ठरवलेल्या गोष्टी अजून चालू आहेत. लाल झालेल्या जागी जोरजोराने मसाज करणं हे त्यातलं पहिलं. आतल्या दबलेल्या पेशींना त्याने आणखी इजा होते. भोकाची रबरी गादी माकडहाडाखाली ठेवणं हे दुसरं, कारण तिच्या कडांचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा तोडतो. हातमोज्यात पाणी भरून तो टाचेखाली ठेवण्याची युक्ती तर आपल्या वॉर्डांत मायेने केली जाते. टाच मात्र त्याने सुटी होत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली तर होते. उशी प्रत्येक वॉर्डात असते, त्यामुळे हा बदल उद्या सकाळीही करता येईल.

कूस दर दोन तासांनी बदलायची हा नियम पाठ्यपुस्तकात आहे. २०१३ मध्ये बर्गस्ट्रॉम यांच्याच गटाने अमेरिका आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमांत दोन, तीन आणि चार तासांची तुलना केली, तेव्हा परिणामात फरक दिसला नाही. पण त्या सगळ्या पेशंटच्या अंगाखाली चांगल्या प्रतीची, दाट फोमची गादी होती. ही अट सोडून नुसता निष्कर्ष उचलला आणि आपल्या दबलेल्या, रेक्झिन मढवलेल्या गादीला लावला, तर पेशंटचं नुकसान होईल. संशोधन व्यवहारात आणणं म्हणजे निष्कर्षाबरोबर त्याची गादीसुद्धा पाहणं. हे काम वॉर्ड ओळखणाऱ्या माणसालाच जमतं.

या विषयात महाराष्ट्राकडे एक असं उदाहरण आहे, की त्याबद्दल मान खाली घालून आदरच व्यक्त करावा. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या, त्या २०१५ मध्ये जाईपर्यंत. इतक्या वर्षांत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना बेडसोअर होऊ दिला नाही, ही बाब २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आली आणि न्यायालयाने त्या परिचारिकांचं मोठं कौतुक केलं. नॉर्टनने जे लिहिलं ते या बायकांनी पाळी बदलत, पिढी बदलत, न थकता केलं. ठरवलं आणि माणसं दिली, तर इथल्याच वॉर्डात, इथल्याच खाटेवर हे होऊ शकतं, हे त्यातून कळतं. प्रश्न उरतो तो बाकीच्या खाटांचा. तिथल्या पेशंटशी सिस्टरचं असं नातं नसतं आणि एका माणसासाठी दाखवलेली निष्ठा तीस माणसांना वाटता येत नाही. तिथे व्यवस्थाच लागते.

दुसरं उदाहरण तर घराघरातलं आहे. ‘उद्या ऑपरेशन आहे, रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही.’ केस पेपरवर एनबीएम लिहिलं जातं, खाटेला पाटी लागते. पोटातलं अन्न भूल देताना फुप्फुसात जाऊ नये म्हणून हा नियम आला. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींमधल्या अशा घटनांवर लिहिलं, त्यानंतर तो अधिकच कडक झाला. घन अन्नाच्या बाबतीत तो शहाणपणाचाच आहे. पण पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं. अमेरिकी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्येच जाहीर केलं, की ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या आधी निरोगी माणसाला पाणी, दूध नसलेला चहा, गाळलेला रस दोन तास आधीपर्यंत चालतो, अंगावरचं दूध चार तास, हलका आहार सहा तास. कॉक्रनच्या २००३ च्या आढाव्यातही पाणी उशिरापर्यंत दिल्याने धोका वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. ज्यांच्या आतड्यांत अडथळा आहे किंवा ज्यांचं जठर मंद आहे, अशांचा विचार वेगळा, आणि तो भूलतज्ज्ञच करणार.

नियम बदलला तरी उपास सुटला नाही. क्रेनशॉ आणि विन्स्लो यांनी २००२ मध्ये एका अमेरिकी रुग्णालयातली पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा पेशंट सरासरी १२ तास पाण्यावाचून आणि १४ तास अन्नावाचून राहिलेले आढळले. आपल्याकडे शस्त्रक्रियांची यादी लांब असते आणि मधे एखादं तातडीचं सिझेरियन येतं. यादीतल्या पाचव्या नंबरची सत्तरीची आजी दुपारी तीनला आत जाते, तोवर तिची जीभ कोरडीठाक पडलेली असते. मधुमेही असेल तर साखरेचा घोळ. मूल असेल तर आई आणि मूल दोघंही रडून रडून दमलेले.

सिस्टरला हे दिसत नाही का? तिलाच सगळ्यात आधी दिसतं. पण घोटभर पाणी देण्याचा निर्णय तिच्या हातात नाही. यादी कोणत्या क्रमाने चालली आहे हे तिला कोणी कळवत नाही, आणि पाणी दिल्यावर केस पुढे ढकलली गेली तर बोलणी तिलाच खावी लागतात. अशा ठिकाणी ती बारा वाजताची पाटी लावणारच. तिच्या जागी कोणीही तेच करेल. हे बदलायचं तर भूलतज्ज्ञाने आदल्या संध्याकाळी प्रत्येक पेशंटच्या नावापुढे पाणी कधी बंद करायचं ती वेळ लिहायला हवी, आणि यादी लांबली तर ओटीमधून वॉर्डात फोन जायला हवा. परिचारिकांना पुन्हा एक व्याख्यान देऊन यातलं काहीच होणार नाही.

उत्तर कॅरोलायना विद्यापीठातल्या सँड्रा फंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये परिचारिकांनाच विचारलं होतं, की संशोधन वापरायला तुम्हाला अडचण कसली येते. सर्वांत वरची दोन उत्तरं अशी: रुग्णसेवेची पद्धत बदलण्याइतका अधिकार आपल्याला आहे असं वाटत नाही, आणि ड्यूटीवर नवं काही करायला वेळ मिळत नाही. हीच प्रश्नावली नंतर अनेक देशांत वापरली गेली आणि बहुतेक ठिकाणी याच तक्रारी आघाडीवर राहिल्या. संशोधन व्यवहारात आणण्याच्या रीती सांगणारे आराखडेही या काळात बरेच झाले. १९७६ चा स्टेटलर यांचा, १९९४ चा आयोवाचा, १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये मांडला गेलेला पॅरिस नावाचा. एमएस्सी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना ते पाठ असतात. त्यांतला शेवटचा मला अधिक वास्तवाला धरून वाटतो, कारण पुरावा भक्कम असूनही वॉर्डाचं वातावरण आणि हाताला धरून बदल घडवणारं माणूस नसेल तर काही होत नाही, हे तो मान्य करतो.

अधिकार दिला की काय होतं, याचं मोठं उदाहरण अमेरिकेच्या मिशिगन राज्यात घडलं. मानेतल्या किंवा छातीतल्या मोठ्या शिरेत घातलेल्या सेंट्रल लाइनमधून रक्तात जंतुसंसर्ग होतो आणि आयसीयूतले पेशंट त्याने दगावतात. जॉन्स हॉपकिन्सच्या पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिनने कातडी पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच लाइन काढणं. १०० हून अधिक आयसीयूंमध्ये ही यादी राबवली गेली, आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. यादीचं कौतुक जगभर झालं. खरी गोम मात्र वेगळीच होती. डॉक्टर यादीतली एखादी पायरी गाळत असेल, तर सिस्टरने ‘थांबा’ म्हणायचं आणि डॉक्टरने थांबायचं, असं रुग्णालयाच्या वरिष्ठांनी ठरवून दिलं होतं. आपल्याकडच्या किती आयसीयूंमध्ये दोन वर्षांच्या अनुभवाची सिस्टर कन्सल्टंटला असं थांबवू शकेल, याचा विचार प्रत्येक रुग्णालयाने करावा. तोंडी ‘हो, सांगा की’ म्हणणं वेगळं, आणि सांगितल्यावर तिच्या पाठीशी उभं राहणं वेगळं.

यादी सगळीकडे चालते असंही नाही. उत्तर प्रदेशातला ‘बेटरबर्थ’ हा प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत डोळे उघडणारा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित बाळंतपणाची यादी १२० सरकारी केंद्रांपैकी निम्म्यांत देण्यात आली. तिथे बाळंतपणं मुख्यतः परिचारिका आणि एएनएम करतात. नुसती यादी दिली असंही नाही, आठ महिने प्रशिक्षक जाऊन शेजारी उभे राहिले. दीड लाखांहून अधिक माता-बालकांची नोंद झाली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला तो असा: सुरुवातीच्या दोन महिन्यांनी यादीतल्या कृती ७३ टक्क्यांच्या आसपास होत होत्या, यादी नसलेल्या केंद्रांत ४२ टक्के. म्हणजे परिचारिका शिकल्या, बदलल्या. प्रशिक्षक निघून गेल्यावर, वर्षअखेरीला, हे प्रमाण ६२ टक्क्यांवर उतरलं. आणि मृत्यू व गंभीर गुंतागुंत? दोन्हीकडे जवळपास सारखीच, १५ टक्क्यांच्या घरात.

या निकालावरून कोणी म्हणेल, परिचारिकांच्या कामाने फरक पडत नाही. तसं वाचणं चूक आहे. रक्तस्राव सुरू झाल्याचं वेळेत ओळखलं, पण रक्तपेढी चाळीस किलोमीटरवर असली, सिझेरियन करणारे हात नसले, अत्यवस्थ बाळासाठी जागा नसली, तर ओळखून पुढे काय? सिस्टरचं काम साखळीतली एक कडी आहे. बाकीच्या कड्या तुटक्या ठेवून तिच्याकडून मृत्यू कमी करण्याची अपेक्षा धरली, की अपयशही तिच्याच नावावर मांडलं जातं.

आता कांगारू मातृसेवेबद्दल सविस्तर लिहितो, कारण परदेशी संशोधनाची वाट न पाहता भारताने स्वतः पुरावा तयार केला, असा हा विषय आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८-७९ मध्ये एदगार रेय आणि एक्तोर मार्तीनेस या डॉक्टरांकडे इन्क्युबेटर अपुरे होते, एकेका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी उभी बांधली. बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट, वरून आईचं कापड. आईच्या अंगाची ऊब, छातीचा ठोका, आणि दूध तोंडाशी. अडचणीतून निघालेला हा उपाय पुढे तपासला गेला आणि इन्क्युबेटरला पर्याय म्हणून टिकला. पण बाळ स्थिर झाल्यावरच सुरू करायचं, अशी समजूत राहिली. बाळं मात्र मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत दगावतात.

मग स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच सुरू करावं का, हा प्रश्न भारतासह पाच देशांतल्या चाचणीने सोडवला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं, बाकीची घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातली. एक किलो ते १.७९९ किलो वजनाच्या ३,२११ बाळांपैकी निम्म्यांना जन्मानंतर लगेच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या छातीशी ठेवलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी आधीच थांबवावी लागली. त्याआधी २०१९ मध्ये हरियाणातल्या गावांत ८,४०२ बाळांवर घरीच केलेल्या प्रयोगात पहिल्या महिन्यातला मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी घटला होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली: कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या सगळ्या बाळांना, जन्मल्यापासून शक्य तितक्या लवकर.

वॉर्डाच्या दृष्टीने पाहिलं तर या चाचणीत मोठा बदल जागेचा झाला. आईची खाट नवजात अतिदक्षता विभागाच्या आत आली. बाळंतीण वरच्या मजल्यावर आणि बाळ खालच्या काचेच्या खोलीत, ही मांडणी मोडावी लागली. आपल्या बहुतेक एसएनसीयूंच्या, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विभागांच्या, दारावर ‘नातेवाइकांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. संसर्गाच्या भीतीने लावलेली पाटी आहे, हेतू वाईट नाही. पण आई ही नातेवाईक नसून बाळाच्या उपचाराचा भाग आहे, हे एकदा मानलं की खुर्ची कुठे ठेवायची, आडोसा कसा करायचा, आईचं जेवण कुठून येणार, तिचं पॅड कोण बदलणार, रात्री तिला झोप लागली तर बाळाकडे कोण पाहणार, असे डझनभर प्रश्न उभे राहतात. हे सगळे शुश्रूषेचे प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं इन्चार्ज सिस्टरकडेच असतात. सासूला समजावणं हेही तिचंच काम. ओल्या बाळंतिणीच्या छातीला इतका वेळ बाळ बांधून ठेवायचं म्हटल्यावर तिची कंबर धरेल, वारं लागेल, अशी घरच्यांना धास्ती असते. आजीलाच सांगून तासभर बाळ तिच्या छातीशी दिलं, की पुढचं समजावणं आजीच करते.

मुंबईने या वाटेवर फार आधी पाऊल टाकलं होतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आईचं दूध बाळाला औषधासारखं जपून द्यायचं, हा संस्कार त्या विभागाने पुढच्या पिढ्यांना दिला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आणखी पुढे जाऊन गावातल्या, बेताचं शिक्षण झालेल्या बायकांना नवजात बाळाची शुश्रूषा शिकवली. १९९९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासात ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटलेला दिसला. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींमधून तीच पद्धत देशभर गेली. तपासलेलं ज्ञान, हातात थर्मामीटर आणि पिशवी, निर्णयाची मुभा, आणि नियमित येऊन पाहणारा पर्यवेक्षक, असं सगळं तिथे एकत्र होतं.

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतो आहे, कारण तो आधी काढला की बाकीची चर्चा तिथेच संपते. पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासातून लिंडा एकन आणि त्यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं, की एका परिचारिकेच्या वाट्याला एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या पेशंटचा दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपातल्या नऊ देशांत पुन्हा तेच प्रमाण निघालं. मिशिगन विद्यापीठाच्या बिएट्रिस कॅलिश यांनी २००६ मध्ये माणसं कमी पडली की नेमकं काय राहून जातं याची नोंद केली: कूस बदलणं, पेशंटला चालवणं, भरवणं, समजावून सांगणं, धीर देणं, आत-बाहेरच्या द्रवाची नोंद. इंजेक्शनं आणि सलाईन राहत नाहीत, कारण ती नोंदवहीत दिसतात. म्हणजे संशोधनाने ज्यांचं मोल सिद्ध केलं, तीच कामं आधी गळतात. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण वॉर्डात शिकवणाऱ्या रुग्णालयाला तीन पेशंटमागे एक आणि इतर रुग्णालयाला पाचांमागे एक परिचारिका असा आहे. सरकारी रुग्णालयात नाईटला एक सिस्टर आणि खाली गाद्या टाकून वाढवलेला वॉर्ड ज्याने पाहिला आहे, त्याला या निकषापासून आपण किती दूर आहोत ते सांगायला नको. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम तिथे एकट्या बाईने पाळायचा तर बाकी काही न करता रात्रभर तेवढंच करावं लागेल.

म्हणूनच घरच्या माणसाला हाताशी घेण्याचा विचार आपल्याकडे गांभीर्याने व्हायला हवा. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयात नवजात विभागात आई-वडिलांना शिकवून सेवेत सामील करून घेण्याचा प्रयोग झाला आणि केंद्र सरकारने २०१७ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मोठ्यांच्या वॉर्डात नातेवाईक आजही पेशंटला भरवतात, पुसतात, वळवतात, पण शिकवल्याविना. त्यांना शिकवणं हे सिस्टरचं मान्य काम ठरलं, त्याची वेळ ड्यूटीत धरली, तर बरंच काही साधेल. त्या आडून पदं रिकामी ठेवायची मात्र नाहीत.

संशोधन एकदा आणलं की कायमचं झालं, असंही नसतं. हाताची सुई-कॅन्युला दर तीन दिवसांनी बदलायचीच, हा नियम ऑस्ट्रेलियातल्या परिचारिका-प्राध्यापक क्लेअर रिकार्ड यांनी तपासला. ३,२८३ पेशंटच्या त्यांच्या २०१२ च्या अभ्यासात नियमाने बदलली काय आणि गरज पडल्यावर बदलली काय, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच होतं. पेशंटला टोचणं वाचलं. पण जिनिव्हातल्या रुग्णालयांनी हा बदल केला, तेव्हा रक्तातले संसर्ग वाढलेले २०२१ मध्ये नोंदवले गेले. गरजेनुसार बदलायचं म्हणजे प्रत्येक पाळीला टोचलेली जागा उघडून पाहायची. ते पाहणं सुटलं तर जुना तीन दिवसांचा नियमच बरा. माझं मत असं, की जिथे पाळीगणिक पाहणी खात्रीने होते तिथेच नवा नियम आणावा.

शेवटी आपल्या स्वतःच्या संशोधनाबद्दल. महाराष्ट्रात एमएस्सी नर्सिंगचे प्रबंध दरवर्षी मोठ्या संख्येने होतात. त्यातल्या पुष्कळांचं शीर्षक एकाच साच्यातलं असतं: अमुक विषयाच्या ज्ञानावर संरचित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग तासभर शिकवणं, आठवड्याने पुन्हा प्रश्नावली, आणि गुण वाढले असा निष्कर्ष. शिकवल्यावर गुण वाढणारच. विद्यार्थिनींना दोष देत नाही. हाताशी एखादं वर्ष, पैसा नाही, रुग्णालयाची परवानगी मिळवण्यात सहा महिने, मग दुसरं काय जमणार? पण त्याच मुली वॉर्डात ज्या प्रश्नांशी झुंजतात ते प्रश्न कोणी विचारत नाही. रेक्झिनच्या गादीवर, मे महिन्याच्या उकाड्यात, घामाने भिजलेल्या पाठीला दोन तासही जास्त होतात का? नाईटच्या एकट्या सिस्टरने नातेवाइकाला कूस बदलायला शिकवलं तर पंधरा दिवसांत किती पाठी वाचतात? आम्लपित्ताची गोळी सर्रास चालू असलेल्या आपल्या पेशंटमध्ये पीएच पट्टी कितपत उपयोगी पडते? यादीतल्या पाचव्या नंबरच्या पेशंटला प्रत्यक्षात किती तास पाणी मिळत नाही? शेवटच्या प्रश्नाला तर घड्याळ आणि वही एवढंच लागतं.

नर्सिंग कॉलेज आणि त्याला जोडलेलं रुग्णालय यांनी वर्षाच्या सुरुवातीला एकत्र बसून असे चार-पाच प्रश्न ठरवावेत, इन्चार्ज सिस्टरला मार्गदर्शकाचं स्थान द्यावं, आणि उत्तर निघालं की त्या वॉर्डाची प्रोसिजर त्यानुसार मराठीत लिहून मेट्रनच्या सहीने लागू करावी. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आहे. नव्या व्यवस्थेचे नियम ठरत असताना प्रबंधाचे गुण देताना एक प्रश्न विचारला जावा, अशी मागणी परिचारिकांच्या संघटनांनी आत्ताच करायला हवी: हे काम झालं त्या वॉर्डात त्यानंतर काय बदललं?